निमंत्रणपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, किंवा गाडीत जागा मिळाली तर वाचा.

आमच्या धंद्यात निमंत्रणपत्रिका भरपूर येतात. व्यापारी संघटनेचा वर्धापनदिन, डॉक्टरांच्या संघटनेचं पदग्रहण, वकिलांचं स्नेहसंमेलन, रिक्षावाल्यांची सत्यनारायणाची पूजा. बेलवलीत माझ्या टेबलाच्या खणात त्यांचा गठ्ठा साठलाय. पत्रिका हातात आली की मी ती तळाकडून वाचते, ही जुनी खोड. वर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चार उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, मग सल्लागार म्हणून माजी मंडळी. मग एक रेघ. रेघेच्या खाली "महिला आघाडी" आणि तिथे पहिलं बाईचं नाव. उल्हासनगरची पत्रिका असो, अंबरनाथची असो की बदलापूरची, छपाईचा नमुना एकच. छापखानेवाल्याकडे बहुतेक तयार साचाच असावा.

नगरपालिकेत हे चित्र नाही. तिथे आरक्षण आहे, त्यामुळे बाई नगरसेवक होते, नगराध्यक्ष होते, कधी नवऱ्याच्या सावलीत आणि कधी सावली झुगारून. पण धंद्याच्या, व्यवसायाच्या, कामगारांच्या संघटनेला कुणी आरक्षण लावलेलं नाही. तिथे बाई अध्यक्ष झाली तर ती कशी झाली, कुठून आली, किती वर्षं लागली? हा इतिहास मी बरेच दिवस गोळा करत होते. त्यातून एक गोष्ट ठळक दिसली. जी खुर्ची आधीपासून मांडलेली होती, तिथे बाईला बसायला पाऊणशे-शंभर वर्षं लागली. जिथे बाई लवकर अध्यक्ष झाली, तिथे बहुतेक वेळा संघटनाच तिने उभी केलेली होती, तीही अशा लोकांची, ज्यांच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं.

आधी मांडलेल्या खुर्च्यांबद्दल.

देशातल्या उद्योगपतींची फिक्की ही संघटना १९२७ची. तिला पहिली महिला अध्यक्ष २०१३मध्ये मिळाली, नैना लाल किडवई. दुसरी मोठी संघटना सीआयआय आपली मुळं १८९५पर्यंत मागे नेते. तिथे पहिली महिला अध्यक्ष २०१७ची, शोभना कामिनेनी. म्हणजे एकशे बावीस वर्षं. फिक्कीची गंमत पुढे आहे. तिने १९८३मध्येच महिलांसाठी वेगळी शाखा काढली होती, फ्लो नावाची. आघाडी झाली, आघाडीच्या अध्यक्ष झाल्या, दरवर्षी नव्या झाल्या, पुरस्कार समारंभ झाले. मुख्य खुर्चीवर मात्र बाई बसायला आणखी तीस वर्षं गेली. ती रेघ फक्त आपल्याकडच्या पत्रिकेत नसते, दिल्लीतही असते.

शास्त्रज्ञांची इंडियन सायन्स काँग्रेस १९१४पासून भरते. तिच्या पहिल्या महिला सर्वसाधारण अध्यक्ष असीमा चटर्जी, १९७५मध्ये.

आणि आपलं साहित्य संमेलन? ते १८७८पासूनचं, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सुरू झालेलं. पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. त्र्याऐंशी वर्षं. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ला दिल्लीत तारा भवाळकर. दिल्लीचं ते संमेलन ९८वं होतं. ९८मध्ये सहा. जिथे ओव्या बायकांनी रचल्या आणि जात्यावरचं साहित्य म्हणून त्यांचं कौतुकही झालं, तिथे हा हिशेब.

पण त्या सहातल्या एकीने ती खुर्ची कशी वापरली हे विसरता येत नाही. दुर्गाबाई १९७५ला कराडच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी लागलेली. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. त्या व्यासपीठावर दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या आणि आजारी असलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटकही झाली. अध्यक्षपद हे हार घालून घ्यायचं पद आहे असं समजणाऱ्या आपल्याकडच्या अनेक अध्यक्षांनी (यात पुरुषच जास्त, कारण अध्यक्षच ते जास्त) हा प्रसंग एकदा वाचावा.

मांडलेल्या खुर्च्यांमध्ये डॉक्टरांचं क्षेत्र थोडं वेगळं निघालं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मुंबईत १८८६ला कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायका आणि मुलांसाठी, आणि तिथे डॉक्टरही बायकाच असाव्यात हा आग्रह होता. परपुरुषाकडून तपासून घ्यायला बायका तयार नव्हत्या म्हणून हा आग्रह. पण त्यातून एक गोष्ट आपोआप झाली, वरिष्ठ पदं बायकांसाठी तयार झाली. डॉ. जेरुशा झिराड या १८९१ साली जन्मलेल्या, बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या शनवार तेली समाजाच्या. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून. त्या लंडनला शिकून आल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, भारतातल्या महिला डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं आणि देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या उभारणीतही त्या पुढे होत्या. १९६६ला पद्मश्री. नोकरीत वरची पायरी मिळाली म्हणून संघटनेतही मिळाली, असा हा सरळ मामला होता. व्यापारात बाईच्या नावावर दुकान असतं, गुमास्ता लायसन्स असतं, आणि गल्ल्यावर दुसराच बसतो. मग व्यापारी संघटनेच्या सभेला कोण जाणार?

आता दुसऱ्या वाटेकडे येते. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या दारावरून गेलेली आहे.

कल्याणला गाडी बदलली की कसारा लायनीवर टिटवाळा. आपण अंगारकीला जातो तेच. तिथे ७ जानेवारी १९४५ रोजी महाराष्ट्राच्या किसान सभेचं स्थापना अधिवेशन भरलं होतं. तेव्हा अंबरनाथ, बदलापूर हे सगळं कल्याण तालुक्यातच होतं आणि उल्हासनगर हे नावही जन्माला आलेलं नव्हतं. या अधिवेशनाच्या तयारीसाठी शामराव आणि गोदावरी परुळेकर हे नवराबायको ठाणे जिल्ह्यात गावोगाव फिरत होते. उंबरगाव-डहाणूकडून काही वारली त्या अधिवेशनाला आले, त्यात माह्या धांगडा होते. आयुष्यात कधी सभा न पाहिलेल्या त्या माणसांनी तिथे आपली वेठबिगार सांगितली. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, फिटेपर्यंत. आणि ते फिटायचं नाही. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. वेठीला नकार दिला तर मार.

गोदावरीबाई मूळच्या गोखले, पुण्याच्या, १९०७चा जन्म. सुखवस्तू घर. वकिलीची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही बायकांपैकी त्या. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात त्या गेल्या, तिथे तोवर सगळे पुरुषच. मुंबईत १९३८-३९च्या सुमाराला त्यांनी घरकामगारांची संघटना बांधायला घेतली होती. पंच्याऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी हा विचार कुणी केला होता हे वाचून मी चमकले, कारण घरकामगार हा शब्द आपल्या सोसायट्यांमध्ये अजूनही कुणी वापरत नाही. "आमची बाई" म्हणतात.

टिटवाळ्यानंतर चार महिन्यांत, २३ मे १९४५ला, झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. ठरलं आणि थांबलीही. शेकडो वर्षं चाललेली गोष्ट काही आठवड्यांत थांबली, कारण लोकांनी एकदम "नाही" म्हटलं. मग मजुरीचा लढा आला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. जमीनदार सरळ तयार होणार नव्हतेच. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. गोदावरीबाईंना जिल्हाबंदी झाली, पुढे तुरुंगवास झाला, भूमिगत राहावं लागलं. हा सगळा काळ त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलाय. त्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अखिल भारतीय किसान सभा १९३६ची. १९८०च्या दशकात गोदावरीबाई तिच्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या महिला अध्यक्ष. वय पंचाहत्तरीच्या पुढे. म्हणजे जी संघटना आपल्या जिल्ह्यात त्यांनी पायी फिरून बांधली, तिच्या सर्वोच्च पदावर यायला त्यांनाही चार दशकं लागली. त्यांच्या राजकारणाशी माझं सगळं जमत नाही, ते सोडा. पण आपल्या तिन्ही शहरांत एवढे चौक आहेत, एवढी उद्यानं, एवढी सभागृहं, त्यांना कुणाकुणाची नावं दिलीत ती वाचत फिरा एकदा. तिकडे सोलापूरजवळ कुंभारीला महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. त्या वसाहतीचं नाव गोदूताई परुळेकर.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. गोदावरीबाई शेतमजूर नव्हत्या. अहमदाबादला १९२०मध्ये मजूर महाजन संघ काढणाऱ्या अनसूया साराभाई गिरणीमालकाच्या घरातल्या होत्या, भाऊच गिरणीमालक. मणिबेन कारा मुंबईच्या सुशिक्षित गुजराती घरातल्या. त्यांनी हिंद मजदूर सभेचं अध्यक्षपद सांभाळलं आणि पश्चिम रेल्वेच्या कामगार युनियनचंही. रेल्वेत तेव्हा कामगार म्हणजे जवळपास सगळे पुरुष, लोको शेडमधले, गँगमन, खलाशी. अशा युनियनची अध्यक्ष बाई! आज आपल्या स्टेशनवर हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

हे कसं शक्य झालं? एक कारण कायद्यात आहे. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनचे निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे, म्हणजे त्या कारखान्यात काम न करणारे, असू शकत होते. कामगाराने पदाधिकारी व्हावं तर मालक काढून टाकेल, शिवाय इंग्रजीतले कागद कोण वाचणार, म्हणून ही सोय. या दारातून वकील आले, पुढारी आले आणि त्यांच्याबरोबर शिकलेल्या बायकाही आल्या. २००१मध्ये हे दार अरुंद झालं, संघटित उद्योगात बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातला जो आकडा कमी असेल तेवढेच, असं ठरलं. असंघटित कामगारांसाठी जुनी सोय राहिली.

म्हणजे उंबरठे दोन. शिकलेल्या बाईने कामगारांची पुढारी व्हायचं हा एक. आणि यंत्रावर उभ्या राहणाऱ्या बाईने आपल्याच युनियनची पुढारी व्हायचं हा दुसरा. दुसरा फार उंच.

मुंबईच्या गिरण्यांत १९२०च्या दशकात साधारण पाचातला एक कामगार बाई होती. रीळ आणि वाइंडिंग खात्यांत त्या जास्त. त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीण असायची, भरती तिच्या हातात, लाचही तिच्याच हातात. १९२८-२९च्या संपांत या बायका रस्त्यावर होत्या. उषाताई डांगे त्यांच्यात काम करत होत्या, त्यांचं आत्मचरित्र आहे 'पण ऐकतं कोण?'. नावातच सगळं आलं. पण मला जास्त ओढ पार्वतीबाई भोर यांच्याबद्दल वाटते, कारण त्या स्वतः गिरणीत काम करणाऱ्या होत्या आणि तिथून पुढारी झाल्या. त्यांची 'एका रणरागिणीची हकीकत' ही आत्मकथा १९७७ची. नव्या मुलींनी ती शोधून वाचावी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर मिळाली.

अशा पार्वतीबाई पुढे आणखी का झाल्या नाहीत? कारण गिरणीत बायकाच उरल्या नाहीत. १९२९ला मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, त्याआधी कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. चांगला कायदा. पण खर्च मालकाच्या अंगावर, त्यामुळे मालकाला बाई महाग वाटायला लागली. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच. नवी यंत्रं आली ती आधी बायकांच्या खात्यांत. हळूहळू पाचातली एक ही शंभरातली चार-पाच झाली. १९८२चा संप आला तेव्हा "गिरणी कामगार" म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येत होता. कामावरून बाई गेली की युनियनमधून जाते, हे सांगायला संशोधक लागत नाही. आपल्याकडे अंबरनाथला विम्को बंद पडली, कारखान्यांची कुलपं एकामागून एक पाहिली आपण. युनियनचे फलक गंजले.

पण गिरणगावातच आणखी एक कामगार होती, जी कुणाच्या मोजदादीत नव्हती. खानावळवाली.

कोकणातून, घाटावरून आलेला गडी दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि जेवायला बाईकडे जायचा. पैसे महिन्याच्या पगाराला. बाई वाण्याकडून उधारीवर तांदूळ-डाळ भरायची, वाणी भाव चढा लावायचा, सावकाराचं व्याज वेगळं. भांडी, मणी, जे असेल ते गहाण. पहाटे उठून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या. आणि कुणी विचारलं काय करता, तर उत्तर, "काही नाही, घरीच असते." १९७३-७४च्या गिरणी संपात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवायला घातलं. संप गड्यांच्या नावावर जमा झाला.

प्रेमा पुरव हे सगळं जवळून बघत होत्या. मूळच्या गोव्याच्या, वयाच्या कोवळ्या वर्षांत गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली, मग मुंबईत कामगार चळवळीत. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे नेते. १९६९ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांना कर्ज द्या असं सरकार सांगत होतं, पण खानावळवालीला कोण देणार? तारण काय? भाकरी? प्रेमाताईंनी १९७५ला १४ बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, एकमेकींच्या हमीवर, आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांनी कर्ज फेडलं. चौदाच्या पुढे हजारो झाल्या. १९८२च्या संपानंतर गिऱ्हाईकच गावाला गेलं, तेव्हा मंडळाला कँटीन, डबे, खाद्यपदार्थांची कामं असं दुसरीकडे वळावं लागलं. २००२ला प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मला यात कर्जापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. बँकेच्या फॉर्मवर "व्यवसाय" अशी ओळ असते. त्या चौदाजणींनी तिथे पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. गृहिणी सोडून काहीतरी.

याच अडचणीचा सरकारी नमुना अहमदाबादला दिसला. मजूर महाजनच्या महिला शाखेत इला भट्ट काम करत होत्या. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांची युनियन नोंदवायला त्या १९७२ला गेल्या तर निबंधक म्हणाले, तुमचा मालक कोण? मालक नाही तर युनियन कुणाविरुद्ध? इलाबेनचं म्हणणं होतं, युनियन कुणाविरुद्धच असायला पाहिजे असं कुठे आहे, ती एकत्र येण्यासाठी आहे. बरीच वादावादी होऊन नोंदणी मिळाली. तीच 'सेवा'. गंमत बघा, एका बाईने स्थापलेल्या महाजनला महिला शाखा लागली, त्या शाखेतून सेवा जन्मली, आणि १९८१मध्ये महाजनने सेवेला बाहेर काढलं. पुढे सेवा महाजनपेक्षा कितीतरी पट मोठी झाली. महिला आघाडी मोठी झाली की काय होतं याचं हे उदाहरण, आपल्याकडच्या कार्याध्यक्षांनी घाबरून जाऊ नये.

आघाडीचा माझा स्वतःचा अनुभव चार ओळींत सांगते. काही वर्षांपूर्वी पत्रकारांच्या एका संघटनेत मला "महिला प्रतिनिधी" केलं. संघटनेचं नाव काढत नाही, माणसं ओळखीची आहेत. वर्षभरात माझ्याकडे तीन कामं आली. महिला दिन, हळदीकुंकू, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ. अधिस्वीकृतीच्या शिफारशी, विमा, जागेचा प्रश्न यांच्या बैठका रात्री नऊला. मी विचारलं, संध्याकाळी सहाला ठेवता येईल का? उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही कळवू ना." कळवलं नाही. एका वर्षाने मी पद सोडलं.

बैठकीची वेळ ही साधी गोष्ट वाटते. पण संघटनेतली वाट अशीच असते, आधी सदस्य, मग सहसचिव, खजिनदार, सचिव, दहा वर्षांनी कधीतरी अध्यक्ष. प्रत्येक पायरीवर रात्रीच्या बैठका, आणि बैठकीनंतरच्या बैठका, जिथे खरं ठरतं. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. सकाळची गाडी पकडून संध्याकाळी साडेसात-आठला उतरणारी बाई, जी उतरल्यावर भाजी घेते आणि घरी जाऊन कुकर लावते, ती नऊच्या बैठकीला कशी जाणार? कुणी तिला नको म्हणत नाही. गरजच पडत नाही म्हणायची.

आता १९७५कडे परत. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. दुर्गाबाई कराडला, असीमा चटर्जी सायन्स काँग्रेसला, अन्नपूर्णा गिरणगावात. आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, पहिल्या प्रकल्पांत आपली धारावी होती. अंगणवाडी सेविका तिथून आल्या. महिला वर्षात सरकारने बायकांना काम दिलं आणि त्याला पगार म्हणायचं नाही असं ठरवलं. मानधन. सेविका. मदतनीस. शब्द किती काळजीपूर्वक निवडलेत बघा. कामगार म्हटलं असतं तर किमान वेतन आलं असतं.

म्हणून अंगणवाडीच्या बायकांच्या संघटनांची पन्नास वर्षांतली निम्मी शक्ती एका शब्दावर खर्च झाली, आम्ही कर्मचारी आहोत. शुभा शमीम, कमल परुळेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महाराष्ट्रात हे लढे चालवले. २५ एप्रिल २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. खंडपीठात न्या. अजय रस्तोगी आणि ठाण्यात वकिलीला सुरुवात केलेले न्या. अभय ओक होते. निकाल लागून अंमलबजावणी होईलच असं नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ बावन्न दिवस संप करावा लागला, त्यात ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या मागण्या होत्याच. आझाद मैदानावर त्या थंडीत बसलेल्या बायकांमध्ये आपल्या गाडीने गेलेल्याही होत्या. आणि त्यांच्यात मी एक नवीन गोष्ट पाहिली. भाषण संपलं की माइक बाहेरच्या नेत्याकडून गावातल्या सेविकेकडे जायचा, आणि ती कागद न बघता बोलायची. आकडे तोंडपाठ, जीआरच्या तारखा तोंडपाठ. पार्वतीबाईंच्या नंतर तुटलेला दुसरा उंबरठा इथे परत ओलांडला जातोय असं मला वाटलं.

घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. गोदावरीबाईंनी सुरुवात केली त्याला तेव्हा सत्तर वर्षं होत आली होती.

मांडलेल्या खुर्च्याही आता जरा हलायला लागल्यात, पण हलवायला कोर्ट लागलं. २ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच वकील संघटनेला सांगितलं, कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात आणि पदाधिकाऱ्यांतलं एक पद आळीपाळीने महिलेला. सुरुवात खजिनदारापासून. मला हे आवडलं. खजिनदार म्हणजे चेकवर सही. सहकारी संस्थांत संचालक मंडळावर दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत, आपल्या सोसायट्यांनाही ते लागू आहे. त्या दोन जागांवर कोण आहे, आणि मिनिट्स बुकात सही करण्याआधी ती वाचते का, हे ज्याने त्याने आपल्या जिन्यात विचारावं.

मी आता एक यादी करतेय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांतल्या कुठल्याही व्यावसायिक, व्यापारी किंवा कामगार संघटनेच्या आजवरच्या महिला अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार. महिला आघाडीच्या नव्हेत, मूळ संघटनेच्या. डॉक्टर, वकील, शिक्षक, औषधविक्रेते, भाजीवाल्या, जीन्स शिवणाऱ्या, ब्युटी पार्लरवाल्या, पोळीभाजी केंद्रवाल्या, रिक्षा चालवणाऱ्या, कुणीही. नाव, संघटना, साल आणि त्या काळात काय काम झालं ते कळवा. जुना वार्षिक अहवाल, पावतीपुस्तक, सभेचा फोटो, नोंदणीचा कागद असेल तर जपून ठेवा, टाकू नका. बेलवलीत स्टेशनपासून चालत येता येतं. येणं जमत नसेल तर सांगा, मी घरी येऊन फोटो काढून घेईन, कागद तुमच्याकडेच राहील.